प्रचार ओळखताना या चुका टाळा

प्रचार म्हणजे धादांत खोटं, असं समजणं ही पहिली चूक. मुरलेला प्रचारक खोटं शक्यतो टाळतो, कारण ते उघडं पडतं. तो सोयीच्या खऱ्या गोष्टी उचलतो आणि बाकीच्या गाळतो. म्हणून 'हे खरं आहे का?' एवढं विचारून थांबू नका. 'यात काय सांगितलेलं नाही?' हेही विचारा.

'मी शिकलेला आहे, मी नाही फसणार' हा भरवसाही सोडा. तेच ते विधान पुन्हा कानावर आलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्येच दाखवलं. पुढच्या प्रयोगांत तर योग्य उत्तर ठाऊक असलेल्यांवरही हाच परिणाम दिसला.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे उघड चिथावणीची वाट पाहत बसणं. आफ्रिकेतल्या रवांडा देशात १९९३ मध्ये सुरू झालेलं 'आरटीएलएम' रेडिओ केंद्र लोकांना आवडायचं ते गाणी, विनोद आणि मोकळ्याढाकळ्या गप्पांमुळे. त्याच गप्पांत तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला 'झुरळं' म्हटलं जाई. एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींची कत्तल सुरू झाली, तेव्हा त्याच केंद्रावरून माणसांची नावं आणि ठावठिकाणे सांगितले गेले. एखाद्या समाजाला किड्यामुंग्यांची नावं रुळू लागली की धोका तिथेच ओळखायला हवा. आणि तेव्हा गप्प राहू नका. प्रत्येकाच्या मनात द्वेष भरावाच लागतो असं नाही. 'सगळ्यांचं हेच मत आहे' असं वाटायला लावलं तरी पुरतं. मनातून न पटणारेही मग मान डोलावतात, आणि त्यांच्या गप्प राहण्याने तो भास आणखी पक्का होतो.

खोडून काढताना अफवेचाच मथळा करू नका. आधी खरं काय ते सांगा, मग अफवेचा एकदाच उल्लेख करा, तिच्यात काय लपवलं आहे ते दाखवा आणि पुन्हा खऱ्यावर या.

शेवटची चूक उलट्या टोकाची: कशावरच विश्वास न ठेवणं. जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढतात, अशी कहाणी पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, ब्रिटिश वृत्तपत्रांनी पसरवली. ती निराधार असल्याचं १९२५ मध्ये ब्रिटिश संसदेत मान्य झालं. पुढे १९४२ मध्ये ज्यूंच्या संहाराच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा 'हाही तसलाच युद्धप्रचार' म्हणून अनेकांनी त्या झटकून टाकल्या. त्या बातम्या खऱ्या होत्या.