मुलांच्या पाठीचा कणा घरी कसा तपासावा

साधारण दहाव्या वर्षापासून मुलांची उंची झपाट्याने वाढू लागते, आणि कण्याला बाजूला बाक येत असेल, म्हणजेच स्कोलिओसिस असेल, तर तोही याच काळात वाढतो. बहुधा दुखत नसल्यामुळे मूल तक्रार करत नाही, आणि या वयात आंघोळ, कपडे स्वतःचे स्वतः होत असल्याने घरच्यांना पाठ दिसतच नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत, गणवेशाचा स्कर्ट एका बाजूला लोंबतो म्हणून दुरुस्तीला नेला, तेव्हा शिवणाऱ्या काकूंनीच प्रथम सांगितले की हिची एक कंबर वर आहे.

दिवसाउजेडी मुलाला सपाट फरशीवर अनवाणी, पाठ उघडी ठेवून उभे करावे. मुलगी असल्यास हे आईने पाहावे. दोन्ही खांदे आणि पाठीची पाती एका रेषेत आहेत का, हात आणि कंबर यांमधली फट दोन्हीकडे सारखी आहे का, हे आधी पाहावे. मग पावले आणि तळहात जुळवून, गुडघे न वाकवता, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत कमरेत हळूहळू वाकायला सांगावे, आणि मागे बसून आपली नजर त्या पाठीच्या पातळीवर आणावी. कणा नुसता वाकत नाही, तो पिळला जातो व बरगड्यांना सोबत नेतो. म्हणून एका बाजूचा उंचवटा उभ्या पाठीत लपतो, तो वाकल्यावर उघडा पडतो. उंची थांबेपर्यंत दर सहा महिन्यांनी हे करावे.

उंचवटा दिसल्यास अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. उभ्याने काढलेल्या एक्स-रेवर बाक १० अंश किंवा अधिक भरला, तरच स्कोलिओसिस म्हणतात, आणि बहुतेकांना केवळ देखरेख पुरते. रात्री दुखणे, पायांत बधिरपणा किंवा दहाव्या वर्षाआधीच बाक दिसणे, यांत मात्र थांबू नये. दप्तराच्या ओझ्याने हा बाक येत नाही, तेव्हा मुलाला बोल लावू नये.

वाढ बाकी असताना बाक वाढू लागला, तर डॉक्टर ब्रेस, म्हणजे बाक रोखण्यासाठी धडाभोवती घालायचा कडक पट्टा, सुचवतात. अमेरिका व कॅनडातील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ब्रेस वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. नुसत्या देखरेखीखालील मुलांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला सरासरी तेरा तास किंवा अधिक वापरणाऱ्यांत ते ९० टक्क्यांवर गेले. म्हणून ब्रेसखाली घालायला बिनशिवणीचे सुती बनियन आणावे, आणि वर्गशिक्षकांना आधीच भेटून यावे.