गोव्यात बाहेर जेवताना अ‍ॅलर्जी असेल तर काय विचारावे, कसे मागवावे

गोव्याच्या हॉटेलात फिश थाळी सांगितली की न मागितलेलेही ताटात येते. हुमण (माशाचे कालवण) आणि तळलेल्या मासळीसोबत वाटीभर किसमूर असते, कधी तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके असते. किसमुरीत बऱ्याचदा भाजलेले सुकट, म्हणजे सुकी सुंगटे (कोळंबी), असते. सुंगटांची अ‍ॅलर्जी असेल तर ती वाटी बाजूला सारून भागत नाही, कारण चुरा शेजारच्या भाताला लागलेला असतो. म्हणून थाळी टाळा, पदार्थ सुटे मागवा.

त्याआधी आपल्याला नेमके काय चालत नाही, हे डॉक्टरांकडून पक्के करून घ्या. मासळीची अ‍ॅलर्जी वेगळी आणि सुंगटां-कुर्ल्यांची (खेकड्यांची) वेगळी. सुंगटे न चालणाऱ्यांना कुर्ल्या आणि शेवंडही बहुधा चालत नाहीत. तिसऱ्यांचे मात्र स्वतंत्रपणे विचारा. काजू बाधत असेल तर पिस्ताही सोडा, दोन्ही एकाच कुळातले आहेत. सुंगटातला बाधणारा घटक शिजवून किंवा तळून जात नाही.

जेवायला जाण्याआधी हॉटेलात फोन करा, पण दुपारी एक ते अडीचच्या गर्दीत नको. सकाळी अकराच्या सुमारास आचाऱ्याशी बोलता येते. मेनूकार्डावर विसंबू नका: अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार अ‍ॅलर्जीची माहिती मेनूवर देणे केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाच बंधनकारक आहे. किनाऱ्यावरचा शॅक किंवा गल्लीतली खाणावळ त्यात सहसा येत नाही.

सोबत एक चिठ्ठी ठेवा, मराठी-कोकणीत आणि हिंदीतही, कारण तव्यावरचा माणूस पुष्कळदा परप्रांतीय असतो. मजकूर थोडका असावा: ‘म्हाका सुंगटां चलनात. ओली, सुकी, पूड, रस्सा, कांयच ना. खाल्ल्यार श्वास बंद पडटा.’ ‘थोडी अ‍ॅलर्जी आहे’ असे कधी म्हणू नका. आचारी ते ऐकून फक्त तुकडे काढून टाकतो.

‘यात सुंगटे आहेत का?’ असे विचारले तर घाईत ‘नाही’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी ‘यात काय काय घातले आहे?’ असे विचारा. बलचांवात गालमो, म्हणजे बारीक सुकी सुंगटे, घालतात. भेंडीच्या किंवा दुधीच्या भाजीतही सुंगटे पडतात, म्हणून भाजीचे नाव ऐकून ती शाकाहारी धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुक्या मासळीचा वापर वाढतो. त्या दिवसांत हा प्रश्न दोनदा विचारा. काजूवाल्यांनी पांढऱ्या आणि मखमली रश्श्यांची, शेंगदाणावाल्यांनी शागुतीच्या (खोबरे-मसाल्याच्या रश्श्याच्या) वाटणाची आणि तेलाची चौकशी करावी. गव्हाची अ‍ॅलर्जी असेल तर हिंगही तपासा, बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो. गोडात बेबिंकात अंडी, मैदा आणि तूप, तर दोदोलात बऱ्याचदा काजू.

सगळ्यात जास्त फसगत तव्यावर होते. रवा फ्रायसाठी एकच रव्याचे ताट असते. इसवण (सुरमई), बांगडा आणि सुंगटे त्यातच घोळतात, एकाच तेलात तळतात, आणि काठाला करपलेला रवा पुढच्या मासळीला चिकटतो. तेव्हा ‘वेगळा तवा, ताजे तेल, नवा रवा’ असे तीनही शब्द उच्चारा. हे जमणार नाही म्हणाले तर त्यांचे आभार माना आणि दुसरीकडे जा. नाही म्हणणारे हॉटेल प्रामाणिक असते. मासळीची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांनी उघड्या तव्याजवळचे टेबल घेऊ नये, वाफेनेही त्रास होऊ शकतो. बुफेत चमचे एका भांड्यातून दुसऱ्यात फिरतात, तो टाळलेलाच बरा.

डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिन लिहून दिले असेल तर ते खिशात हवे, तापलेल्या गाडीत नव्हे. ते कुठे आहे आणि कसे टोचायचे, हे सोबतच्याला दाखवून ठेवा. अंगावर गांधी उठल्या आणि त्यासोबत धाप लागली, आवाज घोगरा झाला, उलट्या सुरू झाल्या किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीची वाट पाहू नका, ती श्वासनलिकेची सूज रोखत नाही. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्या, १०८ ला फोन करा, रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवा. धाप असेल तर बसू द्या, पण उभे करून चालवू नका. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा डोस द्या. बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा म्हापसा-मडगावचे जिल्हा इस्पितळ यांपैकी जवळचे गाठा आणि बरे वाटले तरी डॉक्टर सोडेपर्यंत तिथेच थांबा, कारण काही तासांनी लक्षणे पुन्हा उलटू शकतात.