विद्यार्थ्याचे नाव पोलीस प्रकरणात आल्यावर शाळेने काय करावे

आठवी-नववीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला मोबाइलचोरीच्या किंवा मारामारीच्या प्रकरणात पोलिसांनी नेल्याची बातमी आली की बहुतेक शाळांत पहिली हालचाल होते ती दाखल्याची. पालकांना बोलावले जाते, ‘त्याला दुसरीकडे घाला, त्यातच त्याचे भले आहे’ असे समजुतीच्या सुरात सांगितले जाते आणि अर्जावर त्यांची सही घेऊन मुलाचे नाव पटावरून कमी केले जाते. पुढील मजकूर ती सही घेण्याआधी वाचावा, अशी मुख्याध्यापकांना व वर्गशिक्षकांना विनंती आहे. कारण अशा मुलाला सावरण्यासाठी शाळेच्या हाती जी मोजकी साधने असतात, त्यांत हजेरीपटावरचे त्याचे नाव हे सर्वांत मोठे साधन आहे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. दबावाखाली लिहून घेतलेला पालकांचा अर्ज ही त्या तरतुदीला दिलेली बगल आहे, एवढे शाळेने स्वतःशी तरी मान्य करावे. नववी-दहावीत हे संरक्षण उरत नाही आणि तिथे सारा भार शाळेच्या विवेकावर येतो. अठरा वर्षांखालील मुलांची अशी प्रकरणे ज्याच्यापुढे चालतात, त्या बाल न्याय मंडळाला आपल्या आदेशात मुलाने शाळेत जावे, अशी अट घालता येते. मात्र शाळेने दाखला हातात ठेवला असेल, तर ती अट मुलाने पाळायची कुठे?

पहिल्या दिवशी पालक गोंधळलेले असतात आणि बऱ्याचदा त्यांना धीर देणारे, कागद वाचू शकणारे माणूस म्हणजे वर्गशिक्षकच असतो. त्यांनी पालकांना पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही; त्याला बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या ताब्यात द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मंडळापुढे हजर करावे लागते. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीन मिळणे हा नियम आहे. सुटकेमुळे तो गुन्हेगारांच्या संगतीत सापडण्याची, त्याच्यावर धोका ओढवण्याची किंवा न्यायाचा हेतूच विफल होण्याची शक्यता असेल, तरच जामीन नाकारता येतो. वकिलासाठी कर्ज काढण्याची गरज नसते, कारण उत्पन्न कितीही असले तरी बालकाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

यानंतर शाळेकडे येणारी मागणी साधी वाटते, पण तिचे वजन मोठे असते. मुलाच्या वयाविषयी शंका आल्यास कायदा सर्वप्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र पाहतो. ते नसल्यास महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी जनरल रजिस्टरमध्ये कोणी अंदाजाने लिहिलेली तारीख त्या मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालणार की नेहमीच्या न्यायालयात, हे ठरवू शकते. म्हणून उतारा देताना मूळ नोंद काढून ती अक्षरशः उतरवावी, कोणाच्याही सांगण्यावरून तिच्यात दुरुस्ती करू नये आणि हे काम ‘उद्या या’ म्हणून लिपिकाच्या टेबलावर पडू देऊ नये.

शाळेचा सर्वांत परिणामकारक हस्तक्षेप मात्र परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालात होतो, आणि नेमका तिथेच आपण हात आखडता घेतो. मुलाच्या घराची, शाळेची व संगतीची चौकशी करून हा अधिकारी साधारण दोन आठवड्यांत मंडळाला सामाजिक तपासणी अहवाल देतो. तो शाळेत येतो तेव्हा ‘अभ्यासात कच्चा, वर्तन असमाधानकारक’ या दोन शब्दप्रयोगांवर त्याची बोळवण केली जाते. त्याऐवजी हजेरीपट उघडून बसावे. ‘जून ते सप्टेंबर हजेरी नियमित, ऑक्टोबरपासून सोमवारी व बाजाराच्या दिवशी गैरहजर, त्याच सुमारास वडिलांचे काम सुटले आणि मुलगा गाडीवर मदतीला जाऊ लागल्याचे वर्गमित्रांकडून समजले, गणितात मागे, परंतु चित्रकलेत व कबड्डीत पुढे, मराठीचे शिक्षक त्याच्याशी बोलू शकतात,’ असे पाच ओळींचे निवेदन तारखांसह लिहून, मुख्याध्यापकांची सही व शिक्का घेऊन द्यावे. ‘शाळा त्याला परत घेण्यास तयार आहे’ हे शेवटी ठळक लिहावे. मुलाला घरी पाठवायचे की संस्थेत ठेवायचे, याचा विचार मंडळ करते तेव्हा हे वाक्य उपयोगी पडते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यामुळे अशा तपशिलाची कदर तिथे होते. जे वाईट आहे तेही लपवू नये, मात्र जे पाहिले तेवढेच लिहावे.

गुप्ततेच्या बाबतीत ढिलाई चालत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा वा छायाचित्र प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. स्थानिक वार्ताहराला ‘आमच्या शाळेचा नाही’ असे सांगण्याच्या ओघात अर्धी माहिती बाहेर जाते. तेव्हा बोलायचे ते फक्त मुख्याध्यापकांनी, आणि तेही माहिती देण्यास नकार देण्यापुरते. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर विषय निघाला, तर तो तिथेच थांबवावा.

मूल परत येईल त्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी करावी. एकच शिक्षक त्याचा सोबती म्हणून नेमावा. सगळ्यांनी मिळून उपदेश केला की मुलगा दुसऱ्या दिवशी येत नाही, हे अनुभवी शिक्षकांना सांगावे लागत नाही. हजेरी घेताना त्याचे नाव नेहमीच्याच स्वरात घ्यावे, पहिल्या बाकावर नजरेसमोर बसवू नये आणि वर्गात काही हरवले तर सर्वांत आधी त्याचे दप्तर तपासू नये. मंडळापुढच्या तारखा त्या शिक्षकाने स्वतःकडे लिहून ठेवाव्यात, त्या दिवसांचा चुकलेला पाठ व अंतर्गत मूल्यमापन नंतर करून घ्यावे, आणि सलग तीन दिवस गैरहजेरी झाली की शिपायाला न पाठवता स्वतः घरी जावे. नशेची किंवा झोप उडाल्याची लक्षणे दिसल्यास १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस क्रमांकावर सल्ला मिळतो. घरातच मारहाण वा उपासमार असेल, तर १०९८ या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवावे.

प्रकरण चालू असताना मुलगा निरीक्षणगृहात ठेवलेला असेल, मग ते डोंगरीचे असो वा येरवड्याचे, तर पाठ्यपुस्तके व स्वाध्याय अधीक्षकांमार्फत पोहोचवता येतात. दहावीचे वर्ष असल्यास परीक्षेच्या अर्जाची मुदत परिवीक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवावी. नाव आधीच कमी झाले असेल, तर १७ क्रमांकाचा अर्ज भरून खासगीरीत्या बसण्याची वाट असते.

शाळेच्या आवारातच घडलेल्या किरकोळ मारामारीसाठी वा पेन-डब्यांच्या चोरीसाठी पोलिसांना बोलावू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पालकांना समोरासमोर बसवून नुकसानभरपाई व माफीवर असे प्रकार मिटू शकतात. मात्र लैंगिक अत्याचाराबाबत शाळेला हा अधिकार नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे, आणि तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तोही विद्यार्थी असला तरी हे बंधन सुटत नाही. अशा वेळी दोन्ही मुलांची काळजी वेगवेगळ्या शिक्षकांकडे सोपवावी.

पुढे कधी शाळा सोडल्याचा दाखला देण्याची वेळ आली, तर ‘वर्तणूक’ आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या दोन रकान्यांकडे मुख्याध्यापकांनी स्वतः लक्ष द्यावे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ नुसार अशा प्रकरणातील दोषसिद्धीमुळे बालकाला पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील ज्या मुलावर बाल न्यायालयाने प्रौढ म्हणून खटला चालवून त्याला दोषी ठरवले, तेवढाच अपवाद आहे. म्हणून त्या रकान्यांत प्रकरणाचा उल्लेख, आडूनसुद्धा, येऊ देऊ नये; कारणाच्या रकान्यात ‘पालकांची विनंती’ किंवा ‘दहावी उत्तीर्ण’ यांपैकी जे खरे असेल, ते लिहावे.