सुकाणूवरच्या बाईचं आयुष्य कसं लिहावं

अंतराळनौका चालवणारी नायिका, तिचं युद्ध, प्रेम आणि मूल, अशा कादंबऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. लेखनाकडे वळण्याआधी मी मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर होते, त्यामुळे 'तुम्हाला यातलं कळतं' असा लोकांचा समज आहे. अंतराळातलं मला पुस्तकातून जेवढं कळलं तेवढंच कळतं. सुकाणूचं मात्र कळतं. या हस्तलिखितांत एक खोट हमखास सापडते. पहिल्या भागात शूर वैमानिक, दुसऱ्यात प्रेमात पडलेली मुलगी, तिसऱ्यात हळवी आई: एका नावाखाली तीन अनोळखी बायका. यावर माझा एकच उपाय आहे. तिचे हात सुकाणूवरून काढू नका. युद्ध असो, प्रेम असो, मूल असो, प्रत्येक गोष्ट तिच्या कामातून तिच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

म्हणून आधी काम ठरवा. जहाजावर सुकानी स्वतःच्या मनाने चाक फिरवत नाही. 'पोर्ट टेन', म्हणजे सुकाणू डावीकडे दहा अंश, असा हुकूम आला की तो आधी मोठ्याने तस्साच परत म्हणतो, मग चाक फिरवतो, आणि सुकाणू दहा अंशांवर आलं की पुन्हा सांगतो. एका हुकुमाची तीनदा ये-जा. नवख्याला हे पोरकट वाटतं. पण ऐकण्यात चूक झाली तर ती चाक फिरण्याआधीच पकडली जावी, यासाठीच ही सगळी पद्धत आहे. तुमच्या नायिकेला ही सवय अंगवळणी पडलेली असू द्या. मग एखाद्या रात्री कॅप्टन चुकीचा हुकूम देईल, ती तो मोठ्याने परत म्हणेल आणि एका श्वासापुरती थांबेल. तिच्या स्वभावाबद्दल वेगळा परिच्छेद लिहायची गरज उरणार नाही.

मग नौका हलते कशी ते ठरवा. इथे बहुतेकांची नौका रस्त्यावरच्या गाडीसारखी वळते. पोकळीत नाक वळवलं म्हणून वाट वळत नाही. नौका तिरकी होऊन मूळ दिशेनेच जात राहते. वेग कमी करायचा तर शेपूट पुढे करून इंजिन चालवावं लागतं, म्हणजे मुक्कामाकडे पाठ करूनच मुक्कामाला पोहोचायचं. ग्रहाभोवतीच्या कक्षेत तर सगळंच उफराटं. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकन यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याजवळ जायचा प्रयत्न केला. त्याच्याकडे नाक करून जोर लावला की तो लांबच जायचा. इंधन फार खर्च झालं आणि बेत सोडून द्यावा लागला. कक्षेत पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खालच्या कक्षेत उतरायचं, तिथे फेरी लवकर होते. ज्या नायिकेला हे रक्तात भिनल्यासारखं ठाऊक आहे, तिची घाई इतरांच्या घाईसारखी दिसत नाही. संवादात हे आपोआप उतरतं.

आता युद्ध. स्फोटांचे आवाज आधी काढून टाका, पोकळीत आवाज नसतो. नंतर अंतर ठरवा. समजा शत्रू साठ लाख किलोमीटरवर आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, म्हणजे त्याला तुम्ही दिसता ते वीस सेकंदांपूर्वीचे. त्याने झाडलेला लेसर यायला आणखी वीस सेकंद. चाळीस सेकंदांनी तुम्ही कुठे असाल यावर तो पैज लावतोय, आणि त्याची पैज हरवणं हेच सुकाणूवरच्या बाईचं युद्ध. पृथ्वीवरच्या गुरुत्वाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने नौका बाजूला रेटली तरी चाळीस सेकंदांत आठशे मीटर सरकते. जीव वाचायला तेवढं पुरे. पण हे झटके अनियमित हवेत, शत्रूला लय सापडता कामा नये. आणि खाली शस्त्रक्रियेच्या टेबलावर कुणाचं तरी पोट उघडलेलं आहे. डॉक्टर फोनवरून म्हणतेय, 'मला दोन मिनिटं स्थिर दे.' द्यायची की नाही? माझ्या मते युद्धाचा अख्खा भाग या एका प्रश्नावर उभा राहतो. दहा नौका फोडून दाखवण्यापेक्षा हा प्रसंग दहा पानं चालवा.

खरे नमुने हवे असतील तर दुसऱ्या महायुद्धात जा. १९४२ मध्ये सोव्हिएत बायकांची रात्रीची बाँबफेकी रेजिमेंट आघाडीवर गेली. विमानं लाकूड-कापडाची, संथ पोलिकारपोव्ह. लक्ष्याजवळ आल्या की त्या इंजिन मंद करत आणि तरंगत खाली येत. जर्मन सैनिकांनी त्यांना 'रात्रीच्या चेटकिणी' नाव ठेवलं. या बायकांच्या रेजिमेंटी उभ्या करणारी मरीना रास्कोवा स्वतः नॅव्हिगेटर होती आणि एका मुलीची आई होती. १९३८ च्या लांब पल्ल्याच्या उड्डाणात इंधन संपत आलं. विमान पोटावर उतरवायचं तर नाकातली नॅव्हिगेटरची जागा चेपण्याची भीती, म्हणून तिने पॅराशूटने उडी मारली आणि सायबेरियाच्या जंगलात सुमारे दहा दिवस एकटीने काढून विमानापर्यंत चालत पोहोचली. जानेवारी १९४३ मध्ये खराब हवामानात विमान कोसळून ती गेली. युद्ध, हुद्दा, मूल हे सगळं एकाच आयुष्यात होतं आणि तिला त्यासाठी तीन बायका व्हावं लागलं नाही.

प्रेमाचा भाग लिहिताना निरीक्षणकक्षाची काच आणि तिच्यातून दिसणारे तारे यांना हात लावू नका. वॉचचा तक्ता काढा. जहाजावर दिवस चार-चार तासांच्या पाळ्यांत कापलेला असतो: आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ, आणि मग पुन्हा तेच. ती बारा-चारवर आणि तो चार-आठवर असेल, तर दोघं रोज दोनदा भेटतात आणि दोन्ही वेळा एक जण पेंगुळलेला असतो. तक्ताच तुमचा खलनायक आहे, वेगळा शोधू नका.

प्रियकर इंजिनरूममधला करा, असं मी नेहमी सुचवते. डेक आणि इंजिन यांचं भांडण जहाजाइतकंच जुनं आहे. वरच्यांना वेग हवा असतो. त्या वेगापायी काय तापतंय, काय झिजतंय, ते खालच्यांना दिसतं. माझ्या कादंबरीतल्या रेवतीच्या गोष्टीतला हा तुकडा पाहा. ती ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या कक्षात, आणि तो, सेकंड इंजिनियर, खाली इंजिनरूममध्ये.

'इंजिनरूम, ब्रिज. मला आणखी बारा टक्के हवेत.'
'आठ देतो.'
'सेकंडसाहेब, बारा.'
'तिसऱ्या पंपाचं बेअरिंग ओरडतंय. तुम्हाला तिथे ऐकू येत नाही.'
'मला इथे जे दिसतंय ते तुम्हाला दिसत नाही.'
जरा वेळ लाइनवर नुसती घरघर.
'बारा दिले. आणि हे बघ, पट्टा आवळून घे.'

सगळा संवाद 'तुम्ही'मध्ये आणि शेवटचं वाक्य 'तू'मध्ये. ब्रिजवरच्या सगळ्यांनी ते ऐकलं, कारण लाइन उघडी होती. याहून मोठा प्रेमप्रसंग माझ्या कादंबरीत नाही. रडण्याचा प्रसंग घालायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा, की वजनरहित अवस्थेत अश्रू गालावरून ओघळत नाहीत. डोळ्यावरच पाण्याचा गोळा साचतो, चुरचुरतो आणि समोरचे आकडे दिसेनासे होतात. सुकाणूवर बसलेल्या बाईला ती अडचण आधी जाणवेल, दुःख नंतर.

मूल हा सगळ्यांत कठीण भाग, आणि सगळ्यांत ढिसाळ लिहिला जाणारा. १९८३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला अंतराळवीर सॅली राइड यांना उड्डाणाआधी पत्रकारांनी विचारलं होतं, काही बिघडलं की तुम्ही रडता का? आपले लेखक तोच प्रश्न आईपणाच्या निमित्ताने विचारत बसतात. अ‍ॅना फिशर यांची मुलगी जुलै १९८३ मध्ये झाली आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये त्या स्पेस शटल यानातून अंतराळात गेल्या. आयलीन कॉलिन्स १९९९ मध्ये शटलच्या पहिल्या महिला कमांडर झाल्या तेव्हा घरी लहान मुलगी होती. उड्डाणानंतर पाचेक सेकंदांतच विजेचा शॉर्ट होऊन दोन इंजिनांचा एकेक नियंत्रक बंद पडला, जोडीच्या नियंत्रकांनी काम सांभाळलं आणि यान वर गेलं. तो क्षण लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर मुलीचा चेहरा आणायचा मोह होतो. आणू नका. समोरच्या दिव्यांकडे बघणं, हेच त्या क्षणी तिचं आईपण आहे.

मुलाचा खरा हिशोब घड्याळात आहे. कागदावर दोन रकाने आखा, 'नौका' आणि 'घर'. समजा मुलगी चार वर्षांची असताना आई प्रॉक्झिमा सेंटॉरीकडे निघाली. तो सूर्याचा सर्वांत जवळचा तारा, अंतर सुमारे ४.२५ प्रकाशवर्षं. वेग प्रकाशाच्या ऐंशी टक्के धरा, वेग घ्यायचा-सोडायचा काळ सोडून द्या. जाऊन-येऊन घरी साडेदहा वर्षं आणि थोडे दिवस होतात. एवढ्या वेगात नौकेवरचं घड्याळ घरच्यापेक्षा हळू चालतं, म्हणून तिथे साडेसहाला थोडी कमी. आई निघाली तेव्हा एकतीसची असेल तर परतताना सदतीसची, आणि चार वर्षांची मुलगी साडेचौदाची.

एवढं बरेच जण करतात. पुढचं कुणी करत नाही, आणि सोनं तिथेच आहे. मुलगी घरून दर आठवड्याला एक निरोप पाठवते. जाताना नौका त्या निरोपांपासून पळतेय, त्यामुळे या वेगाला ते आईला तीन आठवड्यांनी एक मिळतात. परतताना ती त्यांच्या अंगावर धावून जातेय, म्हणून आठवड्याला तीन. जाण्याच्या सव्वातीन वर्षांत लेक जेमतेम वर्षभराने मोठी होते: तेच दुधाचे दात, तेच बोबडे बोल. नौका उलटी फिरते आणि उरलेल्या सव्वातीन वर्षांत पाचवरून साडेचौदा. दात पडतात, आवाज बदलतो, एका महिन्यात लाडकी मैत्रीण वैरीण होते आणि आईने त्यावर उत्तर पाठवेपर्यंत दोघींची दिलजमाई होऊन गेलेली असते. हे सगळं निव्वळ गणितातून येतं, तुम्हाला करुणरस ओतायची गरज नाही.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही म्हणा. ककुद्मी राजा लेकीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकात गेला, थोडा वेळ गाणं ऐकत थांबला, परत आला तर पृथ्वीवर युगं उलटली होती. लेकीचं नाव रेवती. माझी नायिका तिच्यावरूनच. पुढे बलरामाने नांगराने ओढून तिची उंची कमी केली, असं पुराण सांगतं. नायिकेला बेताच्या मापात आणायची हौस तेव्हापासूनची आहे.

आई मुलासाठी काय करते, तेही हातानेच दाखवा. २०१३ मध्ये कॅरन नायबर्ग यांनी अंतराळस्थानकावर आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी डायनासोर शिवला. कापड रशियन अन्नाच्या डब्यांच्या अस्तराचं, आत जुन्या टी-शर्टच्या चिंध्या. 'तिला मुलाची आठवण येत होती' या वाक्यापेक्षा त्या चिंध्या जास्त बोलतात. नौकेवरच गरोदरपण दाखवणार असाल तर मात्र जपून. १९८३ मध्ये कॉसमॉस १५१४ या उपग्रहातून गाभण उंदीर माद्या पाठवल्या होत्या, पण माणसाचं गर्भारपण अंतराळात कधी झालेलं नाही. नौकेला फिरतं चाक देऊन कृत्रिम गुरुत्व द्या, प्रारणापासून आडोसा द्या, आणि बाळंतपण दोन ओळींत उरका.

परतीचा प्रसंग दार उघडताच गळाभेटीवर संपवू नका. आठवडाभर पुढे जा. साडेचौदा वर्षांच्या मुलीला 'आता झोप' म्हणायचा हक्क कुणाचा, साडेदहा वर्षं तिला वाढवलेल्या बापाचा की नुकत्याच आलेल्या बाईचा? रेवतीने पहिल्या रात्री हुकूम दिला. लेकीने तो जसाच्या तसा मोठ्याने परत म्हटला आणि दिवा चालूच ठेवला. हे ती कुणाकडून शिकली, ते सांगायला मला बापाला दोन प्रकरणं द्यावी लागली.

खर्डा झाला की वयांचा तक्ता घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगाशेजारी समासात दोन आकडे लिहा: आईचं वय, मुलीचं वय. जिथे आकडा लिहिता येत नाही, तो प्रसंग अजून ठरलेला नाही. तक्ता फेकू नका. लेक नौकेवर भरती व्हायचं म्हणेल आणि दुसरा भाग लिहावा लागेल, तेव्हा तिसरा रकाना आखायचा आहे.