डाव्या खुर्चीची तयारी: ए-३२० कमांड अपग्रेडचं सिम

कमांड अपग्रेड म्हणजे फर्स्ट ऑफिसरने (सहवैमानिकाने) कॅप्टन होण्यासाठी घ्यायचं प्रशिक्षण, आणि सिम म्हणजे त्याचा सिम्युलेटर. उजव्या खुर्चीत हजारो तास काढलेल्या फर्स्ट ऑफिसरला विमान उडवता येतंच. तरी पहिल्या दोन सेशन्समध्ये बहुतेकांची गाडी अडते ती हातांपाशी. साइडस्टिक (विमान वळवायची छोटी दांडी) आता डाव्या हातात, थ्रस्ट लिव्हर (इंजिनची ताकद ठरवणारे) उजव्या हातात, आणि आजवर कॅप्टनच करत आलेली टॅक्सी तुमच्याकडे. ही अदलाबदल सिममध्ये शिकायची ठरवली, तर तिथले महागडे तास त्यातच जातात. कॉकपिटचं पूर्ण आकाराचं पोस्टर घरी भिंतीला लावा, समोर खुर्ची टाका आणि रोज वीस मिनिटं डाव्या बाजूचे फ्लो, म्हणजे ठरलेल्या क्रमाने बटणांवरून हात फिरवणं, करा. हात खरोखर त्या बटणापर्यंत न्या आणि कॉलआउट (ठरलेले उच्चार) मोठ्याने म्हणा; मनातल्या मनात म्हटलेलं ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

टॅक्सीत सरळ रेषेत ३० नॉट, काटकोनी वळणावर १० नॉट, यापुढे जायचं नाही. सिममध्ये वेग अंगाला जाणवत नाही, म्हणून ग्राउंड स्पीडवर नजर ठेवा. नोजव्हील तुमच्या मागे आहे. पिवळी रेषा वळली म्हणून लगेच वळलात तर चाक आतून कापतं. थोडं पुढे जाऊ द्या, मग टिलर (नोजव्हील वळवायचं छोटं चाक) हळू फिरवा आणि विमान प्रतिसाद देईपर्यंत थांबा. न थांबता आणखी फिरवला की नागमोडी टॅक्सी सुरू होते.

रिजेक्टेड टेकऑफवर, म्हणजे धावपट्टीवर धावताना टेकऑफ रद्द करून थांबण्यावर, सगळ्यात जास्त मेहनत घ्या, कारण तो निर्णय फक्त कॅप्टनचा असतो. फर्स्ट ऑफिसर उडवत असला तरी टेकऑफ थ्रस्ट सेट झाल्यापासून व्हीवनपर्यंत (ज्या वेगानंतर थांबायचं नसतं तो वेग) लिव्हरवर हात तुमचा. १०० नॉटच्या आत ईकॅमवर (बिघाड आणि त्यावरच्या कृती दाखवणारा पडदा) कुठलीही वॉर्निंग किंवा कॉशन आली तर थांबण्याचा विचार करता येतो. त्यापुढे कारणं मोजकीच उरतात: आग, इंजिन फेल, लाल वॉर्निंग, ठरलेल्या थोड्या अंबर कॉशन, किंवा विमान सुरक्षित उडणार नाही अशी स्पष्ट खूण. रनवेवर धावताना यादी आठवत बसायला वेळ नसतो. प्रत्येक टेकऑफ ब्रीफिंगमध्ये ती स्वतःच्या तोंडाने म्हणत राहा.

‘स्टॉप’ म्हणताक्षणी लिव्हर आयडलला आणि तिथून थेट मॅक्स रिव्हर्समध्ये. इथे नेहमी दोन चुका होतात. पहिली, पाय नकळत ब्रेकवर पडतो आणि ऑटोब्रेक (आपोआप लागणारा ब्रेक) सुटतो. मग अर्धवट दाबलेल्या पायावर विमान लांबपर्यंत घरंगळतं. टाचा खाली ठेवा आणि ‘डीसेल’चा (वेग कमी होतोय असा) कॉल ऐका. तो आला नाही तर मात्र दोन्ही पेडल पूर्ण दाबा. दुसरी चूक ७२ नॉटच्या आतली. तिथे ग्राउंड स्पॉइलर (पंखांवर उघडणाऱ्या फळ्या) आपोआप उघडत नाहीत, त्यामुळे ऑटोब्रेकही लागत नाही. इन्स्ट्रक्टर नेमका ६० नॉटला बिघाड देतो आणि उमेदवार ब्रेकची वाट बघत बसतो. तिथे ब्रेक पायानेच.

विमान थांबलं की पार्किंग ब्रेक लावा आणि केबिन क्रूला ‘अटेन्शन, क्रू ॲट स्टेशन्स’ सांगा. मग एक श्वास घ्या. इव्हॅक्युएशनची घाई करणारे इथेच नापास होतात. एटीसीला कळवणं, दोन्ही इंजिन मास्टर ऑफ, फायर पुशबटणं, गरजेप्रमाणे आग विझवणारा एजंट. हे झाल्यावरच इव्हॅक्युएशनचा हुकूम. इंजिन चालू असताना लोकांना स्लाइडवर पाठवलं, तर आगीतून वाचलेला माणूस इंजिनच्या तोंडी जातो.

व्हीवननंतरचं इंजिन फेल्युअर उजवीकडे शेकडो वेळा केलेलं असतं. आता स्टिक डाव्या हातात असते आणि हात ती घट्ट आवळतो. दोन बोटांत धरा. नाक सावकाश १२.५ अंशांवर न्या, पडद्यावरची निळी खूण, म्हणजे बीटा टार्गेट, रडरने मध्यावर आणा, ट्रिम करा. १०० फुटांच्या वर ऑटोपायलट लावून टाका. ४०० फुटांपर्यंत ईकॅमच्या कृती सुरू करायच्या नाहीत. इंजिन मास्टर किंवा फायर पुशबटणाला हात लावण्याआधी दोघांनी बोट ठेवून ‘कन्फर्म’ म्हणायचं, मग कितीही घाई असो.

धुक्यातला टेकऑफ कॅप्टनच करतो. दिल्लीत १२५ मीटर आरव्हीआर (रनवेवर दिसणारं अंतर) असताना सेंटरलाइनचे दिवे १५ मीटरवर एक, म्हणजे पुढे फार तर आठ दिसतात. एकेका दिव्यामागे धावू नका. नजर शेवटच्या दिव्यावर, रडर अगदी थोडा.

लॉफ्टमध्ये, म्हणजे खऱ्या उड्डाणासारख्या सलग सेशनमध्ये, इन्स्ट्रक्टर गप्प असतो आणि सेशन मध्येच थांबवत नाही. तिथे तपासलं जातं ते तुम्ही वेळ कसा मिळवता आणि काम कसं वाटता. जुलैतली मुंबई घ्या: रनवे २७ वर पाऊस, आडवा वारा, तुम्ही होल्डमध्ये (उतरायची वाट पाहत घिरट्या घालत), टाकीत ४४०० किलो इंधन. अहमदाबादला जायला समजा २००० आणि फायनल रिझर्व्ह (कधीच हात न लावायचा साठा) ११५०, म्हणजे ३१५० ला निघायचंच. उरलेले १२५० किलो, मिनिटाला ४० किलोने, जेमतेम अर्धा तास. हा आकडा होल्डमध्ये शिरतानाच फर्स्ट ऑफिसरला मोठ्याने सांगा आणि कागदावर लिहा. मग रेडिओ आणि विमान त्याच्याकडे सोपवा, हवामान तुम्ही बघा. त्याचं मत आधी विचारा. आपलं मत सांगून मग विचारलं, तर तो ‘येस सर’ म्हणेल आणि त्याला दिसलेली गोष्ट तुमच्यापर्यंत पोचणार नाही. केबिन इन्चार्जला चारच गोष्टी सांगा: काय झालं, काय करणार, किती वेळ, खास सूचना काय. तिच्याकडून परत वदवून घ्या.

अपग्रेडच्या उमेदवारांत सर्वांत जास्त दिसणारा दोष म्हणजे सगळं स्वतःच करणं. हात स्विचवर गेला की नजर आणि विचार तिथेच अडकतात, आणि इंधनाकडे कोणीच बघत नाही.

चार तासांच्या सेशनचे दोन तास तुम्ही जोडीदारासाठी उजवीकडे बसता. तिथली शिस्तही नोंदली जाते. डीब्रीफ झाल्यावर त्याच रात्री लिहून काढा, पण ‘वेग वाढला’ एवढंच नको. वेग वाढला तेव्हा तुम्ही नेमकं काय बघत होता, तेही लिहा. पुढच्या सेशनच्या ब्रीफिंगआधी तेवढंच पान वाचा.