मन भटकतं म्हणून ध्यान सोडू नका

आमच्या यावल-रावेर भागात कोणी नव्यानं ध्यानाला बसायला लागलं की थोड्याच दिवसात हमखास येऊन सांगतं, मन थांबतच नाही हो, केळीचा भाव, पोराची फी, रात्रीचं पाणी भरणं, सगळं डोळे मिटले की हजर, आपल्याला काही जमणार नाही हे. त्यांनी एकदा सतिपट्ठान सुत्त वाचावंच, म्हणजे सजग कसं राहायचं यावरचा बुद्धांचा उपदेश, मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं 10वं सुत्त. त्यात काया, वेदना (सुखाच्या-दुःखाच्या जाणिवा), चित्त आणि धम्म (मनात येणाऱ्या गोष्टी) अशा चार गोष्टींकडे बघायला सांगितलंय, आणि चित्ताच्या भागात मन कोरं करा असं कुठेच नाही, आसक्ती असलेलं मन आसक्त आहे हे जाणा, द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणा, विखुरलेलं असेल तर विखुरलेलं. म्हणजे मन केळीच्या भावात गेलं आणि ते गेलंय हे तुम्हाला कळलं, तर तुमचा अभ्यास चालूच आहे की! परत श्वासावर या, बस.

मला हे खरं पटलं ते मे महिन्यात. पारा 44 च्या वर, रात्री लाईट गेली, पंखा हळूहळू फिरत थांबला. मानेवरून घामाचा एक थेंब पाठीवर उतरत होता, गरम, मग खाज, मग नुसता ओलसरपणा, आणि तेवढ्यात मनात शिव्या सुरू, लाईटवाल्यांना, उन्हाला, उद्याच्या कामाला. घाम वेगळा आणि ही चिडचिड वेगळी, हे त्या अंधारात स्पष्ट दिसलं. संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या आणखी एका संग्रहात, दोन बाणांचं सुत्त आहे, शरीराचं दुःख पहिला बाण, त्यावरून मन जे तळमळतं तो दुसरा. घाम काही थांबला नाही पण शिव्या थांबल्या.

विपश्यनेचा कोर्स करायचा असेल तर आपल्याला इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र सोयीचं, भुसावळ-मुंबई लाईनवरच आहे. 10 दिवसांचा कोर्स, पहाटे 4 ला घंटा, मौन, मोबाईल जमा, पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघायचा (तो मुद्दाम लांबवायचा नाही, प्राणायाम नाहीये हा), मग चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगभर जे जे जाणवतं ते नुसतं बघणं. राहण्या-जेवणाची फी घेत नाहीत, आधी कोर्स केलेल्यांच्या दानावर चालतं सगळं. संध्याकाळी नव्या लोकांना चहा आणि थोडं खायला मिळतं, पोटभर जेवण नाही, आपल्याकडच्या माणसाला पहिले दोन दिवस ते जड जातं, नंतर भूकसुद्धा बघायची गोष्ट होते.

जाण्याआधी किंवा नंतर अजिंठ्याची 26 नंबरची लेणी नक्की बघा, जळगावहून साधारण 60 किलोमीटर. बुद्धांचं ध्यान मोडायला आलेल्या माराची सेना, त्याच्या मुली, सगळा गोंधळ आजूबाजूला कोरलाय आणि मधे बुद्ध जमिनीला हात लावून बसलेत.

आणि डिप्रेशन किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असेल तर कोर्सच्या फॉर्मवर लपवू नका, आधी डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. घरी सकाळी श्वास बघायला कोणाची परवानगी लागत नाही, पण 10 दिवस मौनात बसणं प्रत्येकाच्या तब्येतीला झेपेलच असं नाही.