प्ले थेरपी सुरू केलीय? पालकांनो, या चुका टाळा

प्ले थेरपीचं सत्र संपवून मूल खोलीबाहेर येतं आणि त्याने चप्पल घालायच्या आत प्रश्न सुरू होतात. "काय केलंस आज? मॅडमनी काय शिकवलं?" मूल म्हणतं, "काही नाही, खेळलो." मग आई-बाबा आम्हा थेरपिस्टकडे बघतात. खेळायचे एवढे पैसे, हे तोंडाने कुणी म्हणत नाही, चेहऱ्यावर मात्र असतं.

"प्ले थेरपीचा काही उपयोग झाला नाही" असं सांगत पालक येतात, तेव्हा पुष्कळदा गडबड त्या खोलीच्या बाहेर झालेली असते.

साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलाला "तुला काय होतंय?" विचारलं, तर ते खांदे उडवतं. तेच मूल भातुकलीतल्या बाबाला दाराबाहेर ठेवून आतून कडी लावतं. तोंडाने सांगता येत नाही ते मूल असं खेळातून दाखवतं, आणि थेरपिस्ट त्या खेळातूनच त्याला मदत करतात. हीच प्ले थेरपी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ साली या पद्धतीची आठ तत्त्वं मांडली. त्यातली दोन आपल्याकडच्या पालकांना फार जड जातात: वाट मुलाने दाखवायची, मोठ्यांनी मागून चालायचं, आणि घाई करायची नाही.

उलटतपासणी

ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ती सत्राच्या आधीच सुरू होते, गाडीवर: "शाळेत त्या मुलाला मारलंस ते सांग हां मॅडमना!" झालं. मूल आत येतं ते आरोपी होऊन. परतीच्या वाटेवर पुन्हा चौकशी. अशा मुलाला लवकरच कळतं की इथल्या खेळाचा हिशेब बाहेर द्यावा लागतो, आणि ते 'शहाण्यासारखं' खेळायला लागतं. दिसायला छान, उपयोग शून्य.

मग बोलायचं काय? "भूक लागलीय का?" पुरे. त्याने आपणहून काही सांगितलं तर ऐका, खोदून विचारू नका. चित्र दाखवलं तर "हत्तीची सोंड कुठाय?" नको आणि लगेच "वा, किती सुंदर!" पण नको. कौतुक चांगलंच, पण पुढचं चित्र मग तुम्हाला खूश करायला काढलं जातं. "आज काळा रंग बराच वापरलास" एवढं म्हणून थांबा.

तुम्हाला अंधारात ठेवलं जातं असं मात्र नाही. थेरपिस्ट पालकांशी वेगळ्या भेटीत बोलतात: मुलाच्या खेळात काय काय येतंय, घरी काय बदलायला हवं. मुलाच्या जिवाला धोका असेल तर तुम्हाला सांगितलं जातंच. लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

धाक आणि आमिष

"त्रास दिलास तर मॅडमना नाव सांगेन" म्हटलं की थेरपिस्टचा पोलीस होतो. "शहाण्यासारखा वागलास तरच नेईन" म्हटलं की उपचाराचं बक्षीस होतं. आजी-काका "डोक्याच्या डॉक्टरकडे जातो" म्हणत असतील तर त्यांना एकदा बाजूला घेऊन सांगा. मुलाला सांगायला एवढं पुरतं: "तिथे एक ताई आहेत, खूप खेळणी आहेत. मनात राग किंवा भीती असली की मुलं तिथे जाऊन खेळतात. काय खेळायचं ते तू ठरवायचं."

मध्येच बंद करणं

चार-पाच सत्रं झाली की काही मुलं घरी जास्त बिथरतात. एरवी गप्प बसणारी मुलगी उलट बोलायला लागते. पालक घाबरून सत्रं थांबवतात. दाबलेलं बाहेर यायला लागलं की असं होऊ शकतं. थेरपिस्टला कळवा आणि थोडं थांबा. संशोधक स्यू ब्रॅटन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र तपासले. त्यात सर्वाधिक फायदा ३५ ते ४० सत्रांच्या आसपास दिसला. काही मुलांना कमी सत्रांतही फरक पडतो, पण महिन्याभरात निकाल मागू नका. बंद करायचंच असेल तर दोन-तीन सत्रं आधी मुलाला सांगा. जवळचं माणूस गेल्यामुळे आलेल्या मुलाची ताईही एका दिवसात गायब झाली, तर आपणच ती जखम पुन्हा उघडतो.

"तोच खेळ किती दिवस?"

हॉस्पिटलात राहून आलेला मुलगा टेडीला इंजेक्शनवर इंजेक्शन देत बसतो. तिथे त्याला चौघांनी धरलं होतं, आता सिरिंज त्याच्या हातात आहे. खेळू द्या. बारीक बदल मात्र बघा: टेडी रडतो, मग त्याला पट्टी लागते, एक दिवस तो घरी जातो. आठवडे उलटूनही खेळ जसाच्या तसा, कोरडा राहिला आणि मूल खेळून झाल्यावर आणखी अस्वस्थ दिसलं, तर थेरपिस्टला लगेच सांगा.

घरचा अर्धा तास

बर्नार्ड आणि लुईस गर्नी या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९६० च्या दशकात पालकांनाच मुलाच्या कलाने खेळायला शिकवलं, आणि वरच्या ९३ अभ्यासांतही पालकांनी प्रशिक्षण घेऊन खेळवलं तिथे परिणाम जास्त दिसला. आठवड्यातून एकदा अर्धा तास, फोन दुसऱ्या खोलीत. महागडी बॅटरीवरची खेळणी नकोत. बोळकी, बाहुल्या, प्राणी, ठोकळे, कणकेचा गोळा, खडू पुरेत. "हा कोणता कलर? स्पेलिंग सांग" हे त्या अर्ध्या तासात बंद. (दिवाळीचा किल्ला आठवा. बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी लंडनमध्ये वाळूचा ट्रे आणि छोट्या मूर्ती वापरून उपचार केले. आपल्या मुलांना माती आणि मावळे आयते मिळतात. पण सोसायटीची स्पर्धा लागते आणि बुरूज बाबा बांधतात.)

वाट मुलाची म्हणजे मोकाट सोडणं असंही नाही. ठोकळा तुमच्या अंगावर उगारला तर आधी भावना, मग मर्यादा, मग पर्याय: "तुला माझा खूप राग आलाय. पण मी मारायसाठी नाही. त्या उशीला मार." आवाज न चढवता. पहिल्यांदा जमणार नाही, पुन्हा तेच म्हणायचं.

रंगीत खोली म्हणजे प्ले थेरपी नव्हे

स्पीच थेरपीत खेळणी असतात, ऑक्युपेशनल थेरपीत (रोजच्या कामांचा, हालचालींचा सराव) असतात, हॉबी क्लासमध्येही असतात. प्रशिक्षण कुठे घेतलं, अडलेल्या केसबद्दल कोणत्या ज्येष्ठांचा सल्ला घेता, माझ्याशी कधी बोलाल, हे बिनधास्त विचारा. मूल बोलायला उशीर करत असेल, नजर देत नसेल, तर नुसत्या खेळाच्या सत्रांवर महिने घालवू नका. आधी बालविकासतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली तिथे मोफत तपासणी होते.